शंभर क्विंटलचे सत्तर

मे महिन्यात साठवणीच्या चाळीत भरलेला १०० क्विंटल उन्हाळी कांदा सप्टेंबर संपताना बाहेर काढला, की काट्यावर ६० ते ७० क्विंटल भरतो. कांदा नीट सुकवून भरला असेल, चाळीत वारा खेळत असेल आणि पावसाळा फार दमट गेला नसेल तर ७०. यांतले एखादे बिघडले की ६०. साध्या चाळीतली चार-पाच महिन्यांची तूट ३० ते ४० टक्के धरायची, हे संशोधन संस्थाही सांगतात आणि चाळ असलेला शेतकरीही सांगतो.

पैशांत मांडू. समजा मे महिन्यात भाव क्विंटलला १,२०० रुपये आहे. तेव्हाच विकला तर १०० क्विंटलचे १ लाख २० हजार होतात. ठेवला आणि २५ टक्के तूट आली, तर तेवढेच पैसे हाती यायला सप्टेंबरात भाव १,६०० हवा. तूट ३० टक्के असेल तर १,७१४ हवा. ४० टक्के असेल तर २,०००. म्हणजे भाव दोन-तृतीयांशाने चढला तरी शेतकरी जिथे होता तिथेच राहतो. यात चाळीचा खर्च, मधे दोनदा कांदा निवडायची मजुरी आणि सोसायटीच्या कर्जाचे व्याज धरलेले नाही. 'कांदा दोन हजारांवर' अशी बातमी येते तेव्हा शहरातल्या वाचकाला वाटते, शेतकऱ्याचे बरे चालले आहे. त्या बातमीत चाळीत किती क्विंटल उरला हा आकडा नसतो.

कांद्याची चर्चा भावाची होते आणि नुकसान वजनात होते. वजन कसे जाते हे कळायला कांदा वनस्पती म्हणून पाहावा लागतो. तसा पाहिला की बाजारातले शब्द आणि दिल्लीतले निर्णय वेगळ्या उजेडात दिसतात. हा हिशेब मी रहिमतपूरच्या पट्ट्यात मांडतो आहे. कोरेगाव तालुक्यातला हा भाग महाबळेश्वरचा ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि माणचा ५०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस यांच्या मधला. इथे ऊस आहे, आले आहे, सोयाबीन आहे, आणि उसाच्या वरंब्यावर आंतरपीक म्हणून कांदाही आहे. पुणे–मिरज रेल्वेमार्गावर रहिमतपूरहून उत्तरेला निघाले की कोरेगाव, सातारा, वाठार, आदर्की करत लोणंद येते. सातारा जिल्ह्यात कांद्याचा बाजार म्हटले की लोणंद.

आधी रोप. रहिमतपूरच्या शेतकऱ्याला तीन कंद रोजच्या ओळखीचे आहेत: आले, बटाटा आणि कांदा. आले हे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड. बटाटा हेही फुगलेले खोड. कांद्याचे मात्र खोड म्हणजे तळाची चपटी चकती, जी आपण मुळ्यांसकट कापून टाकतो. बाकी जे खातो ती पाने आहेत, पानांचे एकावर एक बसलेले जाड बुडखे. कांदा हे मुळात दोन हंगामांचे रोप. पहिल्या हंगामात पानांच्या बुडात पाणी आणि साखर साठवायची, दुसऱ्या हंगामात त्या साठ्यावर फुलाचा दांडा काढून बी धरायचे. शेतकरी ज्याला माल म्हणतो ती त्या रोपाने पुढच्या हंगामासाठी केलेली बेगमी आहे. गहू किंवा ज्वारी पोत्यात भरली की वर्षभर फार बदलत नाही, कारण त्या दाण्यात पाणी १०–१२ टक्के असते. कांद्यात ते ८६ ते ८९ टक्के असते. चाळीतला कांदा जिवंत आहे, श्वास घेतो आहे, सुकतो आहे, आणि ठरावीक काळाने त्याची झोप संपणार आहे.

१०० किलो कांद्यात ८७ किलो पाणी धरले तर कोरडे द्रव्य १३ किलो. त्यातले २० किलो पाणी उडाले की उरतो ८० किलो कांदा आणि कोरडे द्रव्य तेच १३ किलो, म्हणजे १६ टक्क्यांच्या वर. (श्वसनात थोडी साखरही जळते, ती इथे सोडून दिली.) सप्टेंबरातला जुना कांदा हातात घट्ट लागतो, भाजीत कमी घातला तरी पुरतो, तो यामुळे. घेणाऱ्याला किलोमागे जास्त कांदा मिळतो आणि विकणाऱ्याला त्या जास्तीचा पैसा मिळत नाही, कारण व्यवहार फक्त वजनावर होतो. ही गोष्ट मला फार खटकते.

कांदा दोन तापमानांना टिकतो: एक तर शून्य ते दोन अंश, म्हणजे शीतगृह, नाहीतर २५ ते ३० अंश, आणि दोन्हीकडे हवेतला दमटपणा ६५ ते ७० टक्के. मधले तापमान त्याला कोंब फोडायला सोयीचे. आता साताऱ्याचे वर्ष यावर ठेवून पाहू. मे महिन्यात पारा ३८–४० वर, तेव्हा पाणी उडते आणि वजन घटते. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा नव्वदीकडे जातो, तेव्हा सड लागते. ऑक्टोबरपासून रात्री गार होतात, कांद्याची झोपही पुरी झालेली असते, तेव्हा कोंब येतात. उन्हाळा, पावसाळा आणि थंडीची चाहूल, तिन्ही वेळा तुटीचे कारण वेगळे. म्हणून एकच उपाय सगळ्याला पुरत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये कांद्यावर किरणांचा मारा करणारे 'कृषक' केंद्र उभे केले. गॅमा किरणांच्या ठरावीक मात्रेने कोंब थांबतो, हे पक्के. वजनघट आणि सड त्याने थांबत नाही. आणि तुटीतला मोठा वाटा वजनघटीचाच असतो, त्यानंतर सडीचा, मग कोंबांचा.

डोळ्यांतल्या पाण्याचेही दोन शब्दांत सांगतो. मुळे जमिनीतून गंधक घेतात आणि पेशीत त्याची संयुगे साठवतात. सुरीने पेशी फुटली की विकर त्या संयुगाला भेटते आणि क्षणात डोळे चुरचुरवणारा वायू तयार होतो. हे काम त्या एकट्या विकराचे नाही, त्यासाठी दुसरे खास विकर लागते, असे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले. रोपाच्या दृष्टीने हे साठ्याचे रक्षण आहे.

नव्या वाणाला वेळ का लागतो याचे उत्तरही रोपातच आहे. कांद्याची गुणसूत्रे १६, पण त्याच्या जनुकसंचाची लांबी सुमारे १,६०० कोटी जोड्या, माणसाच्या पाचपट. शिवाय बी ते बी या एका फेरीला दोन हंगाम. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेले आणि १९९८ मध्ये राजगुरुनगरला आलेले कांदा-लसूण संशोधन केंद्र २००८ मध्ये संचालनालय झाले. भीमा शक्ती, भीमा किरण हे रब्बीचे टिकाऊ वाण तिथले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा एन-२-४-१ त्याच्याही आधीचा आणि अजून टिकून आहे. पुण्याजवळच्या फुरसुंगीच्या नावाचा गावरान कांदा तर पुणे-सातारा पट्ट्यात शेतकऱ्यांनीच बी राखून वाढवला.

नावाचीही एक नोंद ठेवण्यासारखी आहे. संस्कृतात कांद्याला पलांडू म्हणतात, आणि मराठी विश्वकोशाने लिलिएसी या कुलाला पलांडु कुल असे नाव दिले. पुढे वनस्पतींची वर्गवारी जनुकांवरून नव्याने झाली आणि २००९ च्या मांडणीत कांदा त्या कुलातून निघून ॲमारिलिडेसी, म्हणजे मराठीत मुसली कुलात गेला. कांद्याच्या नावाच्या कुलात आता कांदा नाही. 'कांदा' हा शब्द मात्र 'कंद' या सर्वसाधारण नावातून आला आणि एवढा रुजला की नुसते कांदा म्हटले की दुसरा कुठला कंद डोळ्यांपुढे येत नाही.

शेतातले आकडे यापेक्षा जास्त बोलतात. एका ग्रॅममध्ये कांद्याच्या २५० ते ३०० बिया. हेक्टरी ८ ते १० किलो बी, म्हणजे एकराला साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १० लाख बिया. लागवड १५ बाय १० सेंटिमीटरवर केली तर एकरात २ लाख ७० हजार रोपे बसतात. एका रोपाच्या जागेसाठी साडेतीन बिया टाकाव्या लागतात, कारण कांद्याचे बी वर्षभरातच उगवण गमावू लागते, आणि वाफ्यात मर लागली की उरलेसुरलेही जाते. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात रोपवाटिका वाहून गेली तर तो हंगाम तिथेच लंगडा होतो, आणि बाजाराला ते सहा महिन्यांनी कळते.

२ लाख ७० हजार रोपांतून प्रत्येकी ६० ग्रॅमचा मध्यम कांदा निघाला तर एकराला १६ टन व्हायला हवेत. देशाची सरासरी काय आहे? २०२१-२२ मध्ये १९.४१ लाख हेक्टरांवर ३१६.८७ लाख टन कांदा झाला, म्हणजे हेक्टरी १६ टनांच्या थोडे वर आणि एकरी साडेसहा टन. तेच २ लाख ७० हजारांवर वाटले तर एका जागेला २४ ग्रॅम येतात. पाट-वरंब्यात जागा जाते, सगळीकडे लागवड इतकी दाट नसते, हे धरूनही निम्म्याहून अधिक कांदा वाफ्यातच राहून जातो. करपा, फुलकिडे, पाण्याची चुकलेली पाळी, मरून गेलेली रोपे, सगळे त्या फरकात आहे.

आणखी एक गुणाकार करून पाहावा. प्रत्येक रोपाला निदान चार वेळा माणसाचा हात लागतो: वाफ्यातून उपटताना, लावताना, काढताना, पात कापताना. एकरात ते होतात १० लाख ८० हजार. खुरपणी आणि निवडणी वेगळी. यातले बहुतेक हात बायकांचे असतात, उक्त्या टोळीने वाकून लावणाऱ्या. 'कांद्याचा उत्पादनखर्च' असे दोन शब्दांत लिहिले की ही वाकलेली पाठ दिसत नाही, म्हणून हा आकडा इथे मुद्दाम ठेवला.

रहिमतपूर १७.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत लहान दिवस ११ तास ५ मिनिटांचा, सर्वांत मोठा १३ तास १० मिनिटांच्या आसपास. कांदा पोसायला लागतो तो दिवसाच्या लांबीच्या इशाऱ्यावर. आपले वाण ११-१२ तासांच्या दिवसाला पोसतात. हॉलंडचे वाण उन्हाळ्यातल्या १६ तासांच्या दिवसाची सवय घेऊन आलेले. ते इथे लावले तर पात वाढत राहते आणि कांदा धरत नाही. परदेशातले मोठे उत्पन्न पाहून तिकडचे बी आणावे म्हटले तर अडचण इथे येते.

हंगामांची नावे लोणंदच्या बाजारात हळवा आणि गरवा अशी चालतात. भातालाही हेच दोन शब्द आहेत: लवकर येणारे ते हळवे, सावकाश पिकणारे ते गरवे. कांद्यात हळवा म्हणजे खरिपाचा, जून-जुलैत रोप टाकून ऑक्टोबर ते डिसेंबरात निघणारा. तो पाणीदार, पटकन विकावा लागणारा. गरवा म्हणजे रब्बीचा, डिसेंबर-जानेवारीत लावून एप्रिल-मेमध्ये काढायचा, चार-सहा महिने टिकणारा. मधला तो रांगडा, जानेवारी ते मार्चमध्ये येणारा आणि फार न टिकणारा. शब्द ऐकला की टिकाऊपणा कळतो. बाजारातले बाकीचे शब्दही असेच रोपाच्या वागण्यावरून पडले. रोपाला थंडीचा धक्का बसून कांदा पोसायच्या आधीच फुलाचा दांडा आला तर ते डेंगळे. तो कांदा आतून पोकळ, भाव पडलेला. एका सालीत दोन गाभे धरले तर जोड. बारीक राहिला तर गोल्टी, त्याहून बारीक ती चिंगळी. मान जाड राहिली तर ती नीट सुकत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. म्हणून निम्म्या पाती मान टाकेपर्यंत थांबायचे, त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचे, काढल्यावर पातीसकट शेतात सुकवायचा, मग इंचभर मान ठेवून कापायचा आणि सावलीत आणखी दहा-पंधरा दिवस ठेवायचा. या पंधरा दिवसांत चाळीतल्या पुढच्या पाच महिन्यांचे बरेचसे ठरून जाते. पैशाची निकड असलेला शेतकरी नेमका इथेच घाई करतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. उसाची बिले थकली की कांदा लवकर बाजारात जातो.

देशातल्या कांद्यापैकी ६५ ते ७० टक्के रब्बीचा असतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ताजा कांदा जवळजवळ नसतो, देश चाळीतल्या साठ्यावर जगतो. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, महाराष्ट्रात घरोघर कांदाभजी होते, आणि दोन दिवसांनी एकादशीपासून कार्तिकापर्यंत चातुर्मास पाळणारी घरे कांदा सोडतात. चातुर्मासाचे हे महिने आणि चाळी आटत जाण्याचे महिने एकच आहेत.

बाजारात शेतकऱ्याच्या हाती येते ती पट्टी. तिच्यावर वर माल आणि भाव, खाली हमाली, तोलाई, मोटारभाडे. अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असा निर्णय महाराष्ट्रात २०१६ मध्ये झाला, बाकीच्या कपाती राहिल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. भाव मिळाला किलोला १ रुपया. ५१२ रुपयांतून भाडे, हमाली, तोलाई वजा होऊन उरले २ रुपये ४९ पैसे, आणि धनादेश आला २ रुपयांचा. ही पट्टी देशभर छापून आली. त्याआधी तीन वर्षे, डिसेंबर २०१९ मध्ये, अवकाळी पावसाने खरीप बुडाल्यावर शहरांत किरकोळ भाव किलोला १०० च्या पुढे गेला होता आणि तुर्कस्तान, इजिप्तहून कांदा आणावा लागला होता. त्या पट्टीनंतर राज्य सरकारने फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान दिले. किलोला साडेतीन रुपये.

भाव चढलेला असतानाही सगळा पैसा शेतापर्यंत येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात ग्राहकाने कांद्यावर खर्चलेल्या १०० रुपयांपैकी शेतकऱ्याला ३६ मिळतात असे निघाले. उरलेल्या ६४ मध्ये नफा किती आणि तूट किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. व्यापाऱ्याच्या गोदामातही कांदा सुकतो आणि सडतोच. त्याची तूट तो खरेदीचा भाव पाडून किंवा विक्रीचा भाव चढवून भरून काढू शकतो. शेतकऱ्याला भाव ठरवायचा अधिकारच नाही, म्हणून त्याची तूट त्याच्यापाशीच राहते.

रहिमतपूरला उसाच्या वरंब्यावर कांदा लागतो असे वर म्हटले. एकाच सरीत दोन पिके, आणि सरकारशी त्यांचे नाते अगदी वेगळे. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार गाळप हंगामाआधीच जाहीर करते. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरला आणि त्याची घोषणा एप्रिल २०२५ मध्ये झाली. तोडणी-वाहतूक वजा होते, बिले थकतात, हे खरे; पण मागायला एक आकडा असतो, आणि त्या आकड्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आंदोलने उभी राहिली. कांदा किमान आधारभूत किमतीच्या २२ पिकांत नाही. त्याला मागायला आकडाच नाही. शेतकरी नेते शरद जोशींनी १९८० मध्ये चाकणच्या कांद्यापासून रस्त्यावरचा लढा उभा केला तो उत्पादनखर्चाच्या मागणीवर, आणि आज चार दशकांहून अधिक काळानंतरही कांद्याची चर्चा त्या मागणीपाशीच अडलेली आहे.

आधार नाही, पण हस्तक्षेप मात्र आहे. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर, म्हणजे किलोला सुमारे ६७ रुपये, किमान निर्यातमूल्य. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. सातारा लोकसभा मतदारसंघाचे मतदान ७ मे रोजी होते. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. वीस महिन्यांत सहा वळणे. गरव्या कांद्याला रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत सहा-सात महिने लागतात. २०२३ च्या नोव्हेंबरात ज्याने रोप टाकले त्याला निर्यात महाग पण चालू होती. लावणीच्या वेळी ती बंद झाली. काढणी सुरू झाली तेव्हाही बंदच होती. ज्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी हे निर्बंध होते त्यात तेव्हा, २०१२ च्या पायावर, कांद्याचे वजन ०.६४ टक्के होते. घरखर्चाच्या १०० रुपयांत ६४ पैसे. गरीब घराला ते ६४ पैसेही जड जातात, हे मला मान्य आहे. महिन्याला ५ किलो कांदा लागणाऱ्या घराचा खर्च, भाव २० वरून ६० झाला तर, २०० रुपयांनी वाढतो. मजुरीवर जगणाऱ्या घरात २०० रुपये लहान नसतात, आणि त्यातली बरीच घरे कांदा लावणाऱ्या बायकांचीच आहेत. म्हणूनच उपाय नेमका हवा.

आकडे एकमेकांशेजारी ठेवू. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा झाला आणि २५.२५ लाख टन निर्यात झाला, म्हणजे ८ टक्क्यांच्या थोडे वर. २०२३-२४ मध्ये उत्पादन २४३ लाख टनांच्या आसपास उतरले. पहिल्या अंदाजात एकट्या महाराष्ट्राची घट ३४.३१ लाख टन दाखवली होती. खड्डा जवळजवळ ६० लाख टनांचा, आणि निर्यात शंभर टक्के थांबवली तरी त्यातला निम्माही भरत नाही.

आता चाळी मोजू. ३०२ लाख टनांचे ६५ टक्के म्हणजे १९६ लाख टन रब्बी कांदा. त्यातला निम्माच साठवणीत जातो असे समजू: ९८ लाख टन. त्यावर ३० टक्के तूट धरली तर २९ लाख टनांहून अधिक. हा माझा ढोबळ अंदाज आहे, निम्म्याऐवजी कुणी ४० टक्के धरावे. पण आकार तोच राहतो. आपण २०२२-२३ मध्ये परदेशी पाठवला तेवढा कांदा आपल्या चाळींत वाफ होऊन किंवा कुजून जातो. हीच तूट ३० वरून २० टक्क्यांवर आली तर जवळजवळ १० लाख टन वाचतात. केंद्राचा राखीव साठा २०२३-२४ मध्ये ५ लाख टनांच्या पुढे नेला होता, २०२५-२६ साठी ३ लाख टन ठरला. या साठ्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था खरेदी करतात तो कांदाही कांदाच; तोही चाळीत सुकतो. चाळी सुधारल्या तर २०२५-२६ च्या साठ्याच्या तिप्पट कांदा, नवा एक गुंठाही न लावता, देशाच्या ताटात येतो. आणि तो जुलै ते ऑक्टोबर या नेमक्या टंचाईच्या काळात येतो.

कांदाचाळीला अनुदान आहे. वर्षानुवर्षे त्याचे माप टनाला ३,५०० रुपये, २५ टनांच्या चाळीला ८७,५०० रुपये असे होते. बांबू, लोखंडी सांगाडा, पत्रा यांचे आजचे भाव पाहता हे माप अपुरे होते, आणि एक-दीड एकरवाल्याला ५ टनांची चाळही आधी पदरच्या पैशाने उभी करावी लागते, अनुदान मागून येते. निर्यातीचे धोरण फिरवायला एक अधिसूचना पुरते, चाळी उभ्या करायला वर्षे लागतात. पण २९ लाख टनांचा प्रश्न चाळीतला आहे आणि पैसाही तिथे गेला पाहिजे. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, खालून हवा, चार-पाच फुटांपेक्षा उंच थर नाही, रुंदी बेताची, पावसाच्या बाजूला आडोसा: राजगुरुनगरच्या सुधारित चाळीतली ही तत्त्वे साधी आहेत.

शेतकऱ्याच्या हातात आज असलेला उपाय त्याहून साधा आहे, आणि तो मी प्रत्येक चाळीत व्हावा म्हणून आग्रहाने सांगेन. चाळ भरताना चार क्रेट प्रत्येकी २० किलो मोजून भरायचे, चार वेगवेगळ्या जागी ठेवायचे आणि दर महिन्याला तेवढेच काट्यावर घालायचे. महिन्यात २० चे १९ झाले, तर १,५०० चा भाव पुढच्या महिन्यात १,५७९ झाला तरच ठेवणे परवडले. पावसाळ्यात एका महिन्यात १८ चे १६ झाले, तर १,५०० चे १,६८८ हवेत. क्रेट जेवढा घटतो आहे तेवढा भाव चढत नसेल, तर लोणंदला पिशव्या पाठवायची वेळ झाली.